मंडळाच्या वर्षात पायी सहल हवीच

आपल्या मंडळाचे वर्ष कसे जाते हे आपणां सर्वांना पाठ आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू, पाडवा, गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट आणि मधूनच एखादे नाटक. प्रत्येक कार्यक्रमाला वातानुकूलित सभागृह, खुर्च्यांच्या रांगा आणि शेवटी जेवण. यातले काही कमी करा असे माझे मुळीच म्हणणे नाही. परमुलुखात राहणाऱ्या माणसाला या चार दिवसांचा केवढा आधार असतो हे मी वीस वर्षे अनुभवतो आहे. परंतु या सगळ्या वर्षात आपण एकमेकांबरोबर दोन तास नुसते चाललो, असे कधी होत नव्हते. गेल्या नोव्हेंबरात ते एकदा झाले. ते एकदाच होऊन थांबू नये, मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत त्याला गणपती-दिवाळीच्या पंगतीत जागा मिळावी, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. विषय सहलीचा असला तरी तो 'आरोग्य आणि अर्थ' या सदरात का, हे पुढे कळेलच.

सूचना अगदी साधी होती. शनिवारी पहाटे पाच वाजता दुबईहून निघणे, हत्ता येथे पायी सहल, अंतर जाऊन-येऊन साधारण सहा किलोमीटर, बूट आणि पाणी आवश्यक. नावे नोंदवणाऱ्या आमच्या चिटणीसांना पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला, "जेवणाचे काय?" आणि दुसरा, "गाडी अगदी जवळपर्यंत जाते ना?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक. महाराष्ट्रात त्यातला निम्मा भाग ऑक्टोबरच्या उन्हात जातो. इथे मात्र उलट आहे. सहा महिने बंद असलेले दार याच सुमारास उघडते. इथले जुने लोक ऑगस्टच्या २४ तारखेच्या आसपास पहाटे आकाशात सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळा कलला असे मानतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. अगस्त्याचा उदय झाला की नद्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. एकाच ताऱ्याकडे पाहून दोन मुलुखांतल्या माणसांनी ऋतू ओळखावा याची मला मोठी गंमत वाटते. त्या दिवशी शहराचे दिवे मागे पडल्यावर, दक्षिणेकडे क्षितिजालगत तो तारा बसच्या खिडकीतून दिसत होता. आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी तो मुलांना दाखवला.

पुढे उजाडल्यावर वाळूत उभी असलेली घाफची झाडे दिसू लागली. घाफ हा या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. २०१९ साली इथे सहिष्णुता वर्ष पाळले गेले तेव्हा त्याचे बोधचिन्ह म्हणूनही हेच झाड निवडले होते. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की घाफ म्हणजे आपली शमी? दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. मी वीस वर्षे या झाडांच्या जवळून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जात होतो आणि मला ते माहीत नव्हते. जी गोष्ट चालत पाहिली नाही ती पाहिलीच नाही, असे आता वाटते.

हत्ता हा दुबई अमिरातीचाच भाग, पण मुख्य भूमीपासून तुटलेला, शहरापासून सुमारे १३० किलोमीटरवर हजर पर्वताच्या कुशीत वसलेला. खजुराच्या बागा, त्यांना पाणी पुरवणारे फलज, एकोणिसाव्या शतकातले दोन टेहळणी बुरूज आणि डोंगरांच्या मध्ये अडवलेले धरणाचे हिरवे पाणी. आजूबाजूच्या डोंगरांत पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आता खुणा केलेल्या वाटा आहेत. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे डोंगर उघडेबोडके वाटतात. पण ओढ्याच्या कडेने चालू लागलो की बोरीच्या जातीचा सिद्र भेटतो, बाभळीच्या नात्यातला समर भेटतो आणि आपली रुई तर जागोजागी असते. अर्ध्या तासातच परकेपणा जातो.

अर्ध्या तासात आणखीही एक गोष्ट झाली. दुसऱ्या चढावर मी थांबलो. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पायांत गोळे येत होते. माझे वय सत्तेचाळीस, वजन सत्तर किलो, पोट म्हणाल तर शर्टाखाली लपण्याइतपत. मी स्वतःला धडधाकट समजत होतो. एका दगडावर बसून मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात मागून साताऱ्याकडच्या एक आजी आल्या. मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या, वय सत्तरीला टेकलेले, नऊवारी लुगडे आणि पायांत नातवाचे जुने बूट. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दमलात व्हय? बसा वाईच. आमी होतो पुढं." आणि खरोखरच पुढे गेल्या.

घरी आल्यावर सौ.ने हट्टच धरला म्हणून रक्त तपासून घेतले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.४ आली. ६.५ किंवा त्यापुढे आकडा गेला की मधुमेह म्हणतात. मला तो कधी झाला, किती दिवस अंगात होता, कोण जाणे. त्या चढावर थांबलो नसतो तर आणखी किती वर्षे कळले नसते हेही सांगता येत नाही.

वाचकहो, ही हकीकत माझी असली तरी ती माझ्या एकट्याची नाही. आपला रोजचा दिवस आठवून पहा. घरातून लिफ्टने तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, तिथून गाडीने कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, पुन्हा लिफ्ट. संध्याकाळी मॉल, तिथेही दाराजवळची पार्किंगची जागा मिळावी म्हणून चार फेऱ्या. बारा महिने ऊन असलेल्या देशात राहून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणारी कितीतरी कुटुंबे आपल्याच ओळखीत सापडतील. उन्हाळ्यात बाहेर चालणे शक्य नाही हे खरेच आहे. पण ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने शक्य असते, आणि तेव्हाही आपण सवयीने दाराआडच बसतो.

त्यातून आपली प्रकृती अशी की हे बसणे आपल्याला इतरांपेक्षा महाग पडते. हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि प्रा. युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचे अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून जाड. म्हणूनच "मी कुठे जाडा आहे?" हा आपला प्रश्न चुकीचा आहे. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्या लोकांत पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचे. माझी ९४ भरली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. आपण देश सोडला, पण ही प्रकृती बरोबर घेऊनच विमानात बसलो.

आता 'अर्था'कडे वळतो. आपण इथे आलो ते कशासाठी? चार पैसे गाठीला बांधून परत जाण्यासाठी. पुण्यात नाहीतर ठाण्यात घर, मुलांचे शिक्षण, म्हातारपणाची सोय. या देशाने आपल्याला खूप दिले, पण परदेशी नोकरदाराला इथे निवृत्तिवेतन नाही. नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ पगारावर. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. समजा मूळ पगार ६,००० दिर्हम आहे आणि नोकरी पंधरा वर्षे झाली. एका दिवसाचे २०० दिर्हम. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या दहांचे ३०० दिवस, एकूण ४०५ दिवस. म्हणजे ८१,००० दिर्हम. त्याचे रुपये आजच्या भावाने तुम्हीच करून पहा, आणि मग एका हृदयशस्त्रक्रियेचा किंवा आठवड्यातून दोन-तीनदा कराव्या लागणाऱ्या डायलिसिसचा खर्च त्याच्या शेजारी मांडा. पंधरा वर्षांची पुंजी किती महिन्यांची ते लगेच दिसेल.

"पण आपला विमा आहे ना?" असे कोणी म्हणेल. आहे. दुबईत २०१३ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, अबुधाबीत त्याच्याही आधी, आणि १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतही खाजगी नोकरदारांसाठी तो आवश्यक झाला. परंतु हा विमा नोकरीला आणि व्हिसाला बांधलेला आहे. नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला की विमाही गेला. आणि नेमका त्याच वयात, पन्नाशी-पंचावन्नच्या पुढे, आपण साखर आणि रक्तदाब घेऊन भारतात परततो आणि तिथे नवा विमा शोधू लागतो. भारताच्या विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून नियम काहीसे सैल केले आहेत. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, पूर्वी ती चार होती. तरीही तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे! म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की परतायचा विचार असेल तर भारतातला आरोग्यविमा इथे असतानाच, तब्येत चांगली असतानाच घेऊन ठेवा. अर्जात साखर लपवू नका. लपवलेली साखर दाव्याच्या वेळी वर येते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दर दोन वर्षांनी व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रे काढतात, रक्त घेतात, आणि 'फिट' असा शिक्का मिळाला की आपण निर्धास्त होतो. ती तपासणी क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांसाठी असते. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांच्याशी तिचा संबंध नाही. मीही नऊ-दहा वेळा 'फिट' ठरलो होतो. हत्ताच्या चढाला तो शिक्का मान्य नव्हता.

चालण्याचे महत्त्व नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. झपझप चालणे त्यात मोडते. दहा हजार पावलांची धास्ती घेऊ नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे, वैद्यकशास्त्रातून नव्हे. २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही २,७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी फरक पडतो. याला फी नाही, वर्गणी नाही, मासिक हप्ता नाही.

मग प्रश्न असा की हे ज्याने त्याने आपापले करावे, मंडळाने मध्ये का पडावे? याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर आपल्याच परंपरेत आहे. समूहाने चालणे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आळंदीहून पंढरपूरला जाणारी दिंडी अडीचशे किलोमीटर चालते आणि तिच्यात म्हातारीकोतारी माणसे असतात. ती पोचतात याचे कारण त्यांचे गुडघे पोलादाचे असतात असे नाही. ठरलेल्या जागी विसावा असतो, कोणी मागे पडले तर हाक मारणारे असते, आणि शेजारचा चालतो म्हणून आपणही चालतो. एकट्याने ठरवलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो. व्यायामशाळेचे वर्षभराचे पैसे भरून तीन आठवडे गेलेले आपण सगळे आहोत. इथल्या सरकारनेही हे ओळखले आहे. २०१७ पासून दुबईत दर वर्षी तीस दिवस रोज तीस मिनिटे व्यायामाचा उपक्रम चालतो, आणि त्यात शेख झायेद रस्त्यावर हजारो लोक धावतात. फार चांगली गोष्ट आहे. पण एकतिसाव्या दिवशी आपल्याला हाक मारणारे कोण? ते काम मंडळाचे.

दुसरे उत्तर मला परतीच्या वाटेवर मिळाले. उतारावर माझ्याबरोबर एक गृहस्थ चालत होते. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटले तेव्हा "मजेत" म्हणाले होते. दोघे शेजारी शेजारी, नजर वाटेवर, दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग ते आपण होऊन म्हणाले, "दोन महिने झाले, नोकरी नाही. घरी गावी अजून सांगितलेले नाही." सभागृहात, गजरे आणि झब्बे यांच्या गर्दीत, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधीच आले नसते. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते बरोबरीने चालताना बोलता येते. खाली पोचेपर्यंत मागून येणाऱ्या एकाने त्यांना आपल्या कचेरीतल्या रिकाम्या जागेबद्दल सांगितले. ती जागा त्यांना मिळाली की नाही मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी त्यांनी डबा सगळ्यांबरोबर बसून खाल्ला, एवढे मी पाहिले.

आता आक्षेपांचा विचार करू. मुलांचे क्लास असतात, शनिवार-रविवारच मोकळा असतो. मान्य. पण महिन्यातून एक सकाळ, दहा-साडेदहापर्यंत संपणारी, इतकेच मागणे आहे. मुले कंटाळतात म्हणावे तर त्या दिवशी सर्वात पुढे मुलेच होती. गुडघे दुखतात? मग डोंगर नको, मुश्रिफ उद्यानाची सपाट वाट किंवा अल कुद्रा तलावाचा काठ चालेल. मुद्दा चढाचा नाही, बरोबर चालण्याचा आहे.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाच टोचतो. आपलीच काही मराठी माणसे इथे दिवसभर उन्हात बांधकामावर राबतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन त्यांना सक्तीची विश्रांती मिळते, यावरूनच ते काम काय असते ते समजावे. त्यांना चालण्याचे महत्त्व सांगणे ही थट्टा होईल. पण त्यांनाही गावाची आठवण येते, त्यांनाही डोंगर पाहावासा वाटतो, आणि हत्ताला जायला त्यांच्याकडे गाडी नसते. आपल्या गाडीतली मागची जागा रिकामीच जात असते. ती त्यांना द्यावी, आणि त्यांच्याकडून वर्गणी मागू नये.

चार पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत:

१. डोंगरात पाऊस असल्याची सूचना आली की सहल रद्द. इथल्या ओढ्यांना, म्हणजे वाद्यांना, दूरच्या पावसानेही अचानक लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये अल ऐनच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, हे विसरू नये. पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याला २०२३ च्या नियमांनुसार २,००० दिर्हम दंड, २३ काळे गुण आणि साठ दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे.

२. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा लिमलेटच्या गोळ्या ठेवाव्यात, आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आणि पोलिसांचा ९९९ प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

३. निघताना व परतताना डोकी मोजावीत. सर्वात शेवटी चालणाऱ्याच्या मागे एक जबाबदार माणूस असावा, आणि गटाचा वेग त्या शेवटच्या माणसाचा असावा.

४. खजुराच्या बागा लोकांच्या मालकीच्या आहेत. न विचारता आत जाऊ नये, स्थानिक स्त्रियांचे व घरांचे फोटो काढू नयेत, कचरा आपल्याबरोबर परत आणावा. आपण पाहुणे आहोत.

कार्यकारिणीला माझी विनंती थोडक्यात अशी. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला एक पायी सहल, त्यातली एक हत्ताला. ऑक्टोबरच्या पहिल्या सहलीला आपल्यातल्याच डॉक्टर सभासदांनी सगळ्यांचा रक्तदाब, बोटाच्या थेंबातली साखर आणि कंबर मोजावी, आणि तेच मार्चमध्ये पुन्हा करावे. दोन्ही आकडे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहावेत, फलकावर लावायची गरज नाही. आणि परतीच्या बसमध्ये अर्धा तास विमा, ग्रॅच्युइटी आणि परत जाण्याचे नियोजन यांवर जाणकाराने बोलावे. बसमधून कोणी उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे श्रोते हमखास मिळतील!

माझे म्हणाल तर आता रात्री जेवणानंतर सौ. आणि मी इमारतीभोवती चार फेऱ्या मारतो. फेब्रुवारीत तपासले तेव्हा ७.४ चे ६.७ झाले होते. गोळी चालू आहे, ती डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज सोडणार नाही. साताऱ्याच्या आजी गावी परत गेल्या. मुलाला फोनवर त्यांनी विचारले म्हणे, "ते वाटंत बसले होते, ते बरे हायत ना?"

बरा आहे, आजी. यंदाच्या सहलीला दुसऱ्या चढावर बसणार नाही असे ठरवले आहे. तारीख कार्यकारिणी कळवीलच. वाचकांनी नावे लवकर द्यावीत, जेवणाचे काय हे नंतर विचारावे.